बॉब नाइटच्या नावाने वर्गणी काढण्याआधी

इंडियाना विद्यापीठाच्या सर्व मराठी माजी विद्यार्थ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर प्रस्ताव आला, की आपण सगळ्यांनी मिळून वर्गणी काढावी आणि आपल्या बास्केटबॉल टीमचे जुने कोच बॉब नाइट यांच्या स्मरणार्थ विद्यापीठाला काहीतरी द्यावं. रक्कम फार मोठी नव्हती. दोन दिवसांत तीसेक जणांनी अंगठे वर केले. मी केला नाही. एका धाकट्या मैत्रिणीने विचारलं, "ताई, तुम्ही गप्प का?" मी म्हटलं, नंतर बोलते. मग आपल्यातल्याच एका जुन्या मित्राने लिहिलं, "माणूस कसाही असेना, जिंकून दाखवलं की नाही त्याने?" आणि त्याखाली पुन्हा अंगठ्यांची रांग लागली.

त्या एका वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते खुलं ठेवलं, कारण आपल्या ग्रुपबाहेरही अशी मराठी घरं आता पुष्कळ आहेत, ज्यांची मुलं-मुली इथल्या शाळा-कॉलेजांतून खेळतात. कोच नावाच्या माणसाच्या हाती आपलं पोर सोपवायची वेळ त्यांच्यावर आज ना उद्या येणार आहे.

जे ब्लूमिंग्टनला राहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. दक्षिण इंडियानातलं हे गाव म्हणजे विद्यापीठ, आणि विद्यापीठ म्हणजे बास्केटबॉल. १९७१ ते २०००, अशी २९ वर्षं बॉब नाइट आमच्या टीमचे कोच होते. त्या काळात ६६२ सामने जिंकले. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीनदा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. त्यातलं १९७६ चं ३२-० असं, एकही सामना न हरता. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात, त्यानंतर ते आजतागायत कुणालाही जमलेलं नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मायकेल जॉर्डन ज्या अमेरिकन टीममधून खेळला, तिचे कोचही नाइटच, आणि ते सुवर्णपदकही त्यांच्या खात्यावर. असेंब्ली हॉलमध्ये, म्हणजे आमच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये, छताखाली अजिंक्यपदांचे पाच लाल झेंडे लटकतात, त्यातले तीन त्यांचे.

मी १९९८ च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून तिथे गेले, लायब्ररी सायन्स शिकायला. शाळेत बास्केटबॉल खेळलेली असल्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात तिकीट काढून असेंब्ली हॉलला गेले. तिथले उभेच्या उभे जिने चढून वर बसलं की पोटात गोळा येतो, ते तुम्हाला आठवत असेल. खाली लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पँट घातलेली पोरं वॉर्मअप करत होती. जर्सीवर कुणाचंच नाव नाही, फक्त नंबर आणि 'इंडियाना'. मला ते फार आवडलं. इथे टीम मोठी, माणूस नाही, असं वाटलं. लाल स्वेटरमधले नाइट बाहेर आले आणि सतरा हजार माणसं उभी राहिली. एक नाव मात्र त्या हॉलमध्ये सगळ्यांवर होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

नाइट यांच्या बाजूने जे बोललं पाहिजे ते मला आधी बोलू द्या, नाहीतर पुढचं बोलायचा मला अधिकार नाही. त्यांच्या टीममध्ये पोरांना अभ्यास करावा लागे, वर्गात बसावं लागे, आणि बहुतेक जण पदवी घेऊनच बाहेर पडत. खेळाडू मिळवण्यासाठी चोरून पैसे देण्याचा धंदा त्या काळी जोरात होता. नाइटनी तो केला नाही. आपल्या लायब्ररीसाठी त्यांनी पैसे उभे केले. मी त्या लायब्ररीत रात्रपाळीला काम करून फी भरली आहे, ते मी विसरणार नाही.

आणि लँडन टर्नर. १९८१ चं अजिंक्यपद जिंकून देणाऱ्यांपैकी एक. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, मोटारीचा अपघात होऊन त्याला पक्षाघात झाला. बास्केटबॉलच्या दृष्टीने त्याचा कुणालाही काडीचा उपयोग उरला नव्हता. नाइटनी त्याच्या उपचारांसाठी पैसे गोळा केले. पुढच्या सीझनला व्हीलचेअरवरच्या त्या पोराला टीमचा कॅप्टन केलं. १९८२ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सने ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, शेवटच्या फेरीत त्याचं नाव पुकारलं, तेही नाइटनी शब्द टाकला म्हणून. हे ज्याने केलं तो माणूस वाईट होता असं सोपं विधान मी करणार नाही. करताच येत नाही.

पण त्याच माणसाच्या प्रॅक्टिसमध्ये गार्डच्या जागी खेळणारा नील रीड नावाचा मुलगा होता.

रीड १९९७ मध्ये इंडियाना सोडून सदर्न मिसिसिपीला गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे, कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. त्याने ते वर्ष गमावलं. मार्च २००० मध्ये त्याने टीव्हीवर सांगितलं, की प्रॅक्टिस चालू असताना नाइटनी माझा गळा धरला होता. नाइट म्हणाले, असं काही झालंच नाही. गाव म्हणालं, पोरगं खोटारडं आहे, खेळता येत नव्हतं म्हणून पळालं. मग एप्रिलमध्ये त्या १९९७ च्या प्रॅक्टिसची टेप बाहेर आली.

आयगेनमन हॉलच्या तळमजल्यावरच्या टीव्हीसमोर आम्ही आठ-दहा जण उभे होतो. दृश्य जेमतेम दोन-तीन सेकंदांचं. नाइट चालत येतात, हात वर जातो, पोराच्या गळ्याला लागतो, पोराची मान मागे जाते. बातमीवाल्यांनी ते पुन्हा पुन्हा दाखवलं. मला त्या दोघांपेक्षा मागे उभी असलेली बाकीची पोरं जास्त आठवतात. कुणी पुढे आलं नाही. जणू काही घडलंच नाही.

त्या क्षणी मला सांगलीतलं आमचं शाळेचं ग्राउंड आठवलं. त्याबद्दल पुढे सांगते.

विश्वस्तांनी चौकशी केली. ऑफिसातल्या बाईमाणसांशी केलेल्या वागणुकीच्याही तक्रारी पुढे आल्या. १५ मे २००० रोजी विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी निर्णय जाहीर केला : तीन सामन्यांची बंदी, ३०,००० डॉलर दंड, आणि यापुढे एकही चूक खपवून घेतली जाणार नाही अशी ताकीद. म्हणजे शेवटची संधी. विचार करा, १९८५ मध्ये पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात भर कोर्टवर लाल खुर्ची भिरकावली तेव्हा एका सामन्याची बंदी झाली होती. त्यानंतर पंधरा वर्षांनी ही 'शेवटची संधी'. दर वेळी मध्ये एखादा विजय आला, आणि मागचं पुसलं गेलं.

सप्टेंबरमध्ये पहिल्या वर्षाच्या एका मुलाने त्यांना नुसत्या आडनावाने हाक मारली. नाइटनी त्याचा दंड धरून त्याला मोठ्यांशी कसं बोलावं ते सुनावलं. १० सप्टेंबरला, रविवारी, ब्रँड यांनी नाइटना काढून टाकल्याचं जाहीर केलं.

आता माझ्याबद्दल. त्या रात्री हजारो पोरं रस्त्यावर आली आणि अध्यक्षांच्या घरावर चालून गेली. त्या गर्दीत मी होते. आपल्या ग्रुपमधले आणखी चौघे होते, त्यांची नावं मी घेत नाही. ब्रँड हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांचे पुतळे जाळले गेले. ज्या मुलाचा दंड धरला गेला, त्याला धमक्या आल्या. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, नुकतं घर सोडून आलेलं, आणि सबंध गाव त्याच्यावर उठलेलं. मी घसा बसेपर्यंत ओरडले. एप्रिलमध्ये ती टेप पाहिलेली असताना, नील रीडची मान मागे जाताना पाहिलेली असताना ओरडले. का, तर ते तीन झेंडे. तेही माझ्या जन्माच्या आसपासचे आणि माझ्या शाळेच्या दिवसांतले, ज्या वर्षांत मी इंडियाना हे नावही ऐकलेलं नव्हतं!

पंचवीस वर्षं मी याचा विचार करते आहे. 'चारित्र्य मोठं की विजय मोठा' हा वाद आपण तराजू हातात घेऊन घालतो, पण दोन्ही पारड्यांत आपलं काहीच नसतं. विजय येतो आपल्या वाट्याला. आपण मिरवणूक काढतो, टी-शर्ट घेतो, चाळीस वर्षांनी ग्रुपवर फोटो टाकतो. आणि कोचच्या स्वभावाची किंमत मोजलेली असते कुणातरी दुसऱ्याच्याच पोराने, बंद दारांआडच्या प्रॅक्टिसमध्ये. मग 'कसाही असेना' हे म्हणायचा हक्क आपल्याला कुठून आला? हा सौदा आपला नाहीच. ज्याचा गळा, त्यालाच तो बोलता येईल, आणि त्याला बोलायची सोय नव्हती.

सोय नव्हती म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. त्या काळी खेळाडूची स्कॉलरशिप एकेका वर्षाची असे, दर वर्षी पुन्हा मिळायची. कोचने मान हलवली नाही तर फी कोण भरणार? किती मिनिटं खेळवायचं, ते कोच ठरवणार. पुढे एनबीएवाल्यांचा फोन आला तर पोराबद्दल काय सांगायचं, तेही तोच ठरवणार. रागाने सोडून जावं तर एक वर्ष बाहेर बसा. ऑफिसात साहेब असा वागला तर आपण दुसरी नोकरी शोधतो, युनियनकडे जातो, वकील गाठतो. विसाव्या वर्षी, पहिल्यांदाच घरापासून लांब आलेल्या मुलाला यातलं काही सुचत नाही. इतकी सत्ता ज्याच्या हाती द्यायची, त्याचा स्वभाव हा त्याचा खासगी मामला राहत नाही. त्याने संध्याकाळी घरी काय करावं यात मला रस नाही. मला विचारायचंय ते एवढंच : ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाशी तो एकटा असताना कसा वागतो?

आपल्यातले काही जण म्हणतील, आणि ग्रुपवर म्हणालेही, की कडक शिस्त हवीच, आपल्याही मास्तरांनी आपल्याला बदडलं, म्हणून तर आपण इथवर आलो.

तर आता सांगलीचं सांगते. आमच्या शाळेत मुलींची बास्केटबॉल टीम होती. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या रिंगला जाळी नव्हती. आमच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, आणि तिची दोरी ते काढून बोटाला गुंडाळत. पास चुकला की ती दोरी पोटरीवर बसे. सामना हरलो तर बारा वाजता त्याच सिमेंटवर अनवाणी उभं राहायचं. सर गुणी होते, हे खरं. डिफेन्सला पाय कसे ठेवायचे ते त्यांनी शिकवलं, तसं नंतर कुणीच शिकवलं नाही. गरीब मुलींना बूट स्वतःच्या खिशातून आणून दिले, मलाही दिले. आणि आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो.

माझ्याबरोबर गार्ड खेळणारी एक मुलगी होती, माझ्यापेक्षा कितीतरी सरस. जिल्हा स्पर्धेच्या दोन महिने आधी तिने खेळ सोडला. पोटरीवर वळ होते, घरी दिसले, वडिलांनी येणं बंद केलं. शाळेत कुणी विचारायला गेलं नाही. आम्ही म्हणायचो, "तिला सोसलं नाही." ढालीबरोबरच्या आमच्या फोटोत ती नाही. तो फोटो शाळेच्या ऑफिसात आहे, सर मधोमध बसलेत, मी त्यांच्या उजव्या हाताला. 'मारलं म्हणून घडलो' असं आपण म्हणतो, तेव्हा फोटोत असलेलेच बोलत असतात. जे फोटोत नाहीत त्यांना कुणी विचारलं?

कडकपणा वेगळा आणि दहशत वेगळी. टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या टीमच्या कोच पॅट समिट यांचा डोळा असा होता म्हणतात, की पोरी नजर उचलायला घाबरत. पळवून पळवून दमवत. १,०९८ सामने जिंकल्या, आठ अजिंक्यपदं मिळवली, आणि त्यांच्या टीममध्ये पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. गळ्याला हात लावावा लागला नाही. आणि इंडियानापोलिसच्या विमानतळाकडे जाताना वाटेत मार्टिन्सव्हिल लागतं ना, त्या गावाच्या शाळेत जॉन वुडन शिकले आणि खेळले. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला बारा वर्षांत दहा अजिंक्यपदं मिळवून देणारा हा कोच सीझनच्या पहिल्या दिवशी काय शिकवायचा, तर मोजे कसे घालायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. एवढ्या उंच, नावाजलेल्या पोरांना खाली बसवून मोजे घालायला लावायचे.

पण वुडन यांचं उदाहरण दिलं की मीच जाळ्यात सापडते, हे मला कळतं. बघा, चांगला माणूसही जिंकतो, असं मी सिद्ध करायला निघाले. म्हणजे चांगुलपणाला परवाना पुन्हा विजयाकडूनच! शिवाय वुडनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. यूसीएलएच्या खेळाडूंच्या भोवती एक श्रीमंत हितचिंतक घोटाळत असे. वुडन यांनी तिकडे पाहिलं नाही, आणि ते निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्या प्रकरणात विद्यापीठाला शिक्षा केली. म्हणून मी कोचमध्ये देव शोधत नाही. संत नको आहे. कोचने पोराच्या अंगाला हात लावला तर त्याला कुणीतरी त्याच दिवशी थांबवेल, अशी व्यवस्था हवी आहे, आणि तिच्याखाली राहायची तयारी असलेला माणूस हवा आहे.

मला वाटतं, नाइट यांचं खरं नुकसानही आपणच केलं. एवढ्या गुणांचा माणूस. १९७९ मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेच्या वेळी पोर्तो रिकोत पोलिसाशी मारामारी केल्याबद्दल अटक झाली, तेव्हा कुणीतरी बसवून खडसावलं असतं तर? १९८५ च्या खुर्चीनंतर एक सबंध सीझन घरी बसवलं असतं तर? आपण ती खुर्ची चेष्टेचा विषय केली. माझ्या स्वतःच्या फ्रिजवर त्या लाल खुर्चीचं चुंबक होतं.

जिंकणं हाच निकष ठेवला की पुढे काय होतं, तेही आपल्याच विद्यापीठाने दाखवलं आहे. नाइट गेल्यावर बुडणार म्हणत होते सगळे. त्यांचे सहायक माइक डेव्हिस यांच्या हाताखाली टीम २००२ मध्ये थेट अंतिम सामन्यात पोहोचली, मेरीलँडकडून हरली. पण ते आम्हाला पुरेना. २००६ मध्ये विद्यापीठाने केल्व्हिन सॅम्पसन यांना आणलं. ओक्लाहोमात असताना टीममध्ये ओढण्यासाठी खेळाडूंना नियमाबाहेर पाचशेहून जास्त फोन केल्याचं त्यांचं प्रकरण तेव्हा एनसीएएपुढे होतं. ते लपलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आणलं, कारण ते जिंकतात. इथे आल्यावर पुन्हा फोनचंच प्रकरण झालं, फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांना जावं लागलं, जाताना साडेसात लाख डॉलर घेऊन. खेळाडू पांगले. पुढच्या सीझनला नव्या कोचने जवळजवळ रिकाम्या टीमनिशी ६ सामने जिंकले आणि २५ हरले. म्हणजे विजयासाठी स्वभावाकडे काणाडोळा केला आणि विजयही हातचा गेला. तरी माझा मुद्दा हा हिशेब नाही. सॅम्पसन पुढे ह्यूस्टनला गेले, २०२५ ची फायनल खेळले, दोन गुणांनी हरले. नियम मोडणारे जिंकतातही. म्हणूनच विजय हा पुरावा म्हणून चालत नाही, कशाचाच.

काही तरुण मंडळी म्हणतात, काकू, आता तो काळ गेला. खेळाडूला वाटलं तर ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकून दुसऱ्या वर्षी दुसरीकडे खेळता येतं, बाहेर बसावं लागत नाही. २०२१ पासून जाहिरातीचे पैसे मिळतात, आता तर विद्यापीठंच थेट पैसे देतात. कोच वाईट असेल तर निघून जावं. हे चांगलंच झालं, नील रीडच्या वेळी असतं तर बरं झालं असतं. पण दार दोन्हीकडून उघडतं. नकोशा झालेल्या पोराला 'तुझं इथे काही खरं नाही' असं एप्रिलमध्ये सांगितलं की तोही पोर्टलमध्येच जातो, आणि कागदावर दिसतं, स्वतःहून गेला. मोठ्या नावाच्या खेळाडूला दहा कॉलेजं बोलावतात. बेंचवरच्या तेराव्या पोराला कोण बोलावतं? आणि व्हिसावर आलेल्या मुलाने काय करावं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून माझी विनंती अशी. वर्गणी काढूया, पण नाइट यांच्या नावाने नको. ती लायब्ररीला देऊया, बिननावाची. ज्या कामासाठी त्यांनी स्वतः पैसे उभे केले होते, तिथेच ते जातील, आणि ज्यांना त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते त्यांनी मनात ती ठेवावी. मलाही थोडी वाटते.

आणि वर्गणीबरोबर विश्वस्तांना एक पत्र. मजकूर मी इंग्रजीत तयार केला आहे, एका पानाचा. त्यात मागणी साधी आहे. कोच नेमताना जिंकल्या-हरल्याचा तक्ता सगळेच बघतात. तुम्ही त्याच्याकडून गेल्या पाच वर्षांत सोडून गेलेल्या खेळाडूंची यादी मागवा आणि त्यातल्या निम्म्यांना तरी फोन करा. ज्यांना त्याने कॅप्टन केलं त्यांना नाही, सोडून गेले त्यांना. टॉवेल धुणाऱ्या विद्यार्थी मॅनेजरला विचारा, ऑफिसातल्या बाईंना विचारा. प्रॅक्टिसमध्ये कोचच्या हाताखाली नसलेलं एक माणूस रोज बसवा, ज्याचा पगार कोच ठरवत नाही आणि ज्याला ती थांबवायचा अधिकार आहे. २०१३ मधलं रटगर्स विद्यापीठाच्या कोचचं उदाहरण ताजं असल्यासारखं समोर ठेवा. पोरांना बॉल फेकून मारल्याच्या, ढकलल्याच्या, शिव्या दिल्याच्या टेपा विद्यापीठाने आदल्या वर्षीच पाहिल्या होत्या. डिसेंबरमध्ये तीन सामन्यांची बंदी घालून गप्प बसले. एप्रिलमध्ये टीव्हीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी काढलं. डिसेंबर ते एप्रिल ती पोरं त्याच माणसाच्या हाताखाली होती. तेवढे चार महिने कुणाच्या खात्यावर मांडायचे?

ज्यांची मुलं खेळतात त्या आईबापांनी तर हे घरबसल्या करण्यासारखं आहे. कोच तुमच्या दिवाणखान्यात येऊन चहा घेतो, गोड बोलतो, पोराच्या खांद्यावर हात ठेवतो. आपल्या लोकांना एवढ्यानेच भरून येतं, 'सर स्वतः घरी आले' म्हणून. चहा जरूर द्या. मग विचारा, तुमच्याकडून गेल्या वर्षी कोण सोडून गेलं, आणि त्याचा नंबर द्याल का?

फेब्रुवारी २०२० मध्ये नाइट वीस वर्षांनी असेंब्ली हॉलमध्ये परत आले. पर्ड्यूविरुद्धचाच सामना, मध्यंतर, जुने खेळाडू दोन्ही बाजूंना. म्हातारे झाले होते, पावलं जड पडत होती, मुलगा शेजारी होता. लोक रडत होते. मी घरी टीव्हीसमोर बसून रडले, ते खोटं नव्हतं. पण डोळे पुसताना मी कोर्टवर जमलेल्या त्या घोळक्यात एक चेहरा शोधत होते, आणि तो तिथे असणं शक्य नव्हतं. नील रीड जुलै २०१२ मध्ये हृदयविकाराने गेला, ३६ वर्षांचा. कॅलिफोर्नियात एका शाळेत शिकवत होता, पोरांना खेळ शिकवत होता. १ नोव्हेंबर २०२३ ला नाइट गेले, तेव्हा आपल्या ग्रुपवर दीडशे मेसेज आले. रीड गेला तेव्हा एकही नव्हता. माझाही नव्हता.

ग्रुपवर प्रस्ताव आला त्याच आठवड्यात मी सांगलीला फोन केला. आमच्या त्या गार्डचा नंबर शाळेतल्या एका मैत्रिणीकडून मिळवला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. इकडचं-तिकडचं झालं, मुलं काय करतात, सासू-सासरे कसे आहेत. मग मी म्हटलं, "तू सोडून गेलीस तेव्हा मी विचारायला आले नाही. यायला हवं होतं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फायनलच्या दिवशी मी होते गं तिथे. कंपाउंडच्या बाहेर, सायकल धरून. तुझा शेवटचा बास्केट पाहिला मी."

मी गेल्या पंधरवड्यात तिला दोनदा फोन केला आहे.

विश्वस्तांच्या पत्रावर ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला ग्रुपवर नाही, वेगळं कळवावं. या महिन्याअखेर ते पाठवते आहे. माझा चेक लायब्ररीच्या नावाने लिहून ठेवला आहे.

आपली,
ब्लूमिंग्टनची एक माजी विद्यार्थिनी